अंगठा खरा, मग फसवणूक कुठे? शहाद्याची जमीन आणि ‘चारसोबीस’चं कलम

ज्यांना वाचायला जास्त आवडतं किंवा ज्यांचा इयरफोन बसमध्येच राहिलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, मधले ‘अं... म्हणजे...’ तेवढे कापलेत.

जमिनीवर एखादा भाग केला की तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो: “दादा, याच्यावर चारसोबीस लागेल का?” कुणाच्या काकांनी वाटणी न करताच शेत विकलेलं असतं. कुणी प्लॉटचा विसार घेतलाय आणि तीन वर्षं झाली तरी खरेदी करून देत नाही. कुणाच्या आईचं नाव सातबाऱ्यावरून गेलंय. माणूस पोलीस स्टेशनला जातो आणि तिथे त्याला ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” तो बाहेर येतो तो हेच म्हणत, की पोलीस पलीकडच्याला मिळालेत.

कधी कधी मिळालेले असतातही. पण बऱ्याचदा ते वाक्य कायद्याला धरून असतं. का, ते समजून घ्यायचं तर आपल्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल आणि मग आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला यावं लागेल. कारण ‘फसवणूक सिद्ध करा’ ही अट माणसाला किती महागात पडते, हे शहाद्याइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं. शेवटी सरकारला कायदाच असा करावा लागला की फसवलं की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही.

आधीच सांगतो: मी वकील नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा, शहादा तालुक्यातला पोरगा आहे. त्यामुळे हा इतिहासाचा भाग म्हणून ऐका, तुमच्या केसचा सल्ला म्हणून नको.

आकडा आला कुठून?

‘चारसोबीस’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की राज कपूरने १९५५ मध्ये ‘श्री ४२०’ काढला तेव्हा नाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हा आकडा म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ४२०. मेकॉलेच्या कायदा आयोगाने संहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला, कायदा झाला १८६० मध्ये आणि अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ पासून. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय आणि ४२० चं काम आता कलम ३१८ च्या पोटकलम ४ कडे गेलंय. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण “तो पक्का तीनशे अठरा आहे” असं कुणी म्हणायला अजून बरीच वर्षं जातील.

फसवणुकीची व्याख्या मात्र ४२० मध्ये नव्हती, ती होती ४१५ मध्ये. सोपं करून सांगतो. एकाने दुसऱ्याची दिशाभूल केली पाहिजे. त्या दिशाभुलीमुळेच दुसऱ्याने आपली मालमत्ता दिली पाहिजे. आणि दिशाभूल करणाऱ्याच्या मनात बेइमानी असली पाहिजे. आता खरा प्रश्न येतो: ही बेइमानी कधीची?

आमच्या कामात काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो आणि टाइमस्टॅम्प बघतो. चूक झाली हे सगळ्यांना दिसत असतं, ती नेमकी कितीला झाली यावर सगळं ठरतं. फसवणुकीच्या कायद्याचंही तसंच आहे. व्यवहाराच्या क्षणी, पैसे किंवा जमीन घेताना, मनात बेइमानी होती का? असेल तर गुन्हा. घेताना मन साफ होतं आणि नंतर फिरलं, तर तो करारभंग. नुकसान दोन्हीकडे सारखंच, पण पहिल्यात माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि दुसऱ्यात त्याच्यावर फक्त दिवाणी दावा होतो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. कायद्यातच उदाहरणं छापलीत आणि त्यातलं एक निळीचं आहे. ‘अ’ने ‘ज्ञ’ला सांगितलं की तुला निळीचं पीक देतो आणि आगाऊ पैसे घेतले. द्यायचं मुळात मनातच नव्हतं, तर ‘अ’ने फसवलं. पण पैसे घेताना द्यायचा इरादा होता आणि नंतर त्याने शब्द मोडला, तर ती फसवणूक नाही, त्याच्यावर दिवाणी दावा करा. लक्षात घ्या, संहिता मंजूर झाली तेव्हा बंगालमध्ये नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा उठाव नुकताच पेटला होता, आणि तिथे भांडणाच्या मुळाशी आगाऊ उचलच होती. नव्या संहितेतही हे निळीचं उदाहरण कायम आहे.

दुसरं उदाहरण थेट जमिनीचं. ‘अ’ने आपली जमीन ‘ब’ला रीतसर विकली. आता आपला हक्क उरलेला नाही हे माहीत असूनही, पहिली विक्री लपवून तीच जमीन त्याने ‘ज्ञ’ला विकली आणि पैसे घेतले. ही फसवणूक. एकच प्लॉट दोघांना विकण्याचा धंदा आजचा नाही, १८६० च्या कायद्याने त्याला उदाहरण म्हणून जागा दिलीय.

आता शहादा

कायदा समजला? आता तो जमिनीवर उतरवून बघू.

नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेशात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातल्या दर १० माणसांपैकी जवळपास ७ अनुसूचित जमातींचे आहेत, भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. वर सातपुडा, खाली तापी. आणि तापीकाठची शहादा-तळोद्याची काळी जमीन म्हणजे सोनं. विहिरी आल्या, ऊस आला, तसा या जमिनीचा भाव वाढला. जमिनीचा भाव वाढला की कागदाचाही वाढतो.

एक काल्पनिक माणूस डोळ्यासमोर आणा. १९६० च्या आसपासचा एक भिल्ल शेतकरी. आखाड लागलाय, घरात दाणा नाही, बियाणं नाही. गावातल्या सधन माणसाकडे तो खावटी मागायला जातो. सधन माणूस म्हणतो, “देतो ना, फक्त कागदावर अंगठा दे. पैसे फेडलेस की जमीन तुझी तुला.” दोघं तालुक्याला जातात. कागदावर लिहिलेलं असतं ‘खरेदीखत’. रक्कम पोचल्याचंही लिहिलेलं असतं. याला वाचता येत नाही. अंगठा लागतो, नोंदणी होते, पुढे फेरफार होतो. काही वर्षांनी हाच माणूस त्याच शेतावर सालदार म्हणून राबत असतो, वर्षाच्या बोलीवर.

हा एकच मार्ग नव्हता. कुठे जमीन दोन-चार वर्षांसाठी कसायला दिली आणि ती परत आलीच नाही. कुठे जुन्या उचलीवर व्याज चढत गेलं आणि शेवटी जमिनीवर येऊन थांबलं. पण ‘अंगठा खरा, बोली खोटी’ ही गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. ती फक्त शहाद्याचीही नाही, सगळ्या आदिवासी पट्ट्याची आहे.

आता तुम्हीच ठाणे अंमलदार व्हा. हा शेतकरी तुमच्यासमोर उभा आहे. ४२० लावाल?

बघा काय काय आडवं येतं. पहिलं, टाइमस्टॅम्प. अंगठा घेताना समोरच्याच्या मनात जमीन परत द्यायची नव्हतीच, हे सिद्ध करायचंय. तो म्हणणार, “याने पैसे आणले असते तर दिली असती.” दुसरं, कागद. १८७२ च्या पुरावा कायद्याचं, कलम ९१ आणि ९२ चं, तत्त्व असं की लेखी कराराविरुद्ध तोंडी बोलीचा पुरावा सहसा चालत नाही. फसवणुकीला अपवाद आहे, पण ती सिद्ध करायची ज्याचा अंगठा आहे त्यानेच. तिसरं, साक्षीदार. कागदावर सह्या कुणाच्या? पलीकडच्याच्या माणसांच्या. चौथं, वेळ. भांडण सुरू होतं तेव्हा अंगठ्याला पंधरा वर्षं झालेली असतात आणि अंगठा देणारा बाप कधी कधी मेलेला असतो.

आणि पाचवं, जे आपण सगळेच विसरतो. समजा ४२० सिद्ध झालं. समोरचा जेलमध्ये गेला. जमीन? खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करायला दिवाणी कोर्टात वेगळा दावा लागतो आणि त्याला मुदत असते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. फौजदारी कायद्याचं लक्ष आरोपीकडे असतं. सातबारा त्याच्या कामाच्या यादीत नाही.

ही गोष्ट याआधी एकदा घडून गेली होती

शहाद्याची पुढची गोष्ट सांगण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला एक चक्कर मारू. कारण हाच पेच तिथे शंभर वर्षं आधी पडला होता.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या. त्यांना हवं होतं काय? वह्या आणि कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. पुणे-नगरच्या बऱ्याच गावांत हे लोण पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. मारामारी त्या मानाने कमी झाली, राग कागदावर निघाला. लोकांना नीट कळलं होतं की कोर्टात आपल्याविरुद्ध बोलतो तो माणूस नसतो, रोखा असतो.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने कोर्टाला सांगितलं की नुसता रोखा बघू नका, व्यवहार पहिल्यापासून उकला, मुद्दल किती आणि व्याज किती ते तपासा. १९०७ मध्ये त्यात कलम १०-अ आलं: कागदावर खरेदीखत असलं तरी तो व्यवहार खरं तर गहाण होता का, हे शेतकऱ्याच्या बाबतीत कोर्ट तोंडी पुराव्यावरून बघू शकेल. म्हणजे पुरावा कायद्याची ती भिंत शेतकऱ्यासाठी थोडी पाडली.

पण सगळीकडे आणि कायमची नाही. उलट १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती झाली. जमीन परत करण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार ‘शर्तीचं गहाण’ ठरेल. आता आपल्या काल्पनिक शेतकऱ्याची अट कुठे होती? तोंडात.

१९७१ ते १९७५

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्यावरून संघर्ष पेटला आणि गोळीबार झाला. तिथून भागाचं वातावरण बदललं. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल समाजातला सर्वोदयी कार्यकर्ता गावोगाव फिरत होता, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून शिकलेली तरुण मुलं येऊन इथे राहिली. त्यात कुमार शिराळकर होते, मुंबईच्या आयआयटीतले इंजिनिअर, जे पुढे आयुष्यभर इथल्या चळवळीचे होऊन गेले. इथलेच वाहरू सोनवणे होते, जे पुढे कवी म्हणूनही महाराष्ट्राला माहीत झाले. वर १९७२ चा दुष्काळ. मागण्या बऱ्याच होत्या, सालदारांची मजुरी, रोजगार, पण पहिली होती गेलेली जमीन.

अंबरसिंग १९७४ मध्ये गेले, तरुण वयात. त्याच वर्षी कायदा बदलला. एकट्या शहाद्यामुळे बदलला असं मी म्हणणार नाही. आदिवासी खातेदारांच्या अडचणी तपासायला राज्य सरकारने १९७१ मध्येच समिती नेमली होती, तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पण शहाद्यासारख्या ठिकाणी लोक रस्त्यावर होते म्हणून तो अहवाल कपाटात पडून राहणं अवघड झालं, असं मला वाटतं.

कायदे दोन झाले. एक पुढच्या व्यवहारांसाठी: जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं, ६ जुलै १९७४ पासून. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे कलेक्टरच्या आधीच्या मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही आणि विक्रीसाठी कलेक्टरनेही राज्य सरकारची मान्यता घ्यायची. दुसरा मागच्या व्यवहारांसाठी: अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा कायदा. त्याचा अंमल १ नोव्हेंबर १९७५ पासून. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली, अजून शेतीखालीच असलेली जमीन परत करायची. आदिवासीने ती स्वतः कसायची हमी द्यायची. घेणाऱ्याला मोबदला द्यायचा, तो जास्तीत जास्त साऱ्याच्या ४८ पट, वर विहीर-बांध अशा सुधारणांची किंमत, आणि तीही हप्त्याने.

आता गंमत बघा. या कायद्यात ‘फसवलं का?’ हा प्रश्नच नाही. देणारा आदिवासी होता का? घेणारा बिगरआदिवासी होता का? तारीख या दोन तारखांच्या मधली आहे का? झालं. तिन्ही उत्तरं सरकारी दप्तरात मिळतात. मनातला इरादा शोधायला नको, साक्षीदार नको, मेलेल्या बापाची साक्ष नको. एवढंच काय, कलेक्टर स्वतःहूनही चौकशी सुरू करू शकतो. ज्या कागदाने जमीन गेली, तोच कागद आता जमीन परत मिळण्याचा पुरावा झाला.

पण ज्याने खरंच पैसे मोजले होते त्याचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. सगळे घेणारे लबाड नव्हते. कुणी बाजारभावाने, चोख पैसे देऊन, विहीर खोदून जमीन कसत होता. त्याच्या दृष्टीने कायद्यानेच त्याची जमीन काढून घेतली.

असे लोक सुप्रीम कोर्टात गेले. ‘लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल, डिसेंबर १९८४ चा. कोर्टाने कायदा वैध ठरवला. कारणाचा गाभा असा: दोन बाजूंची ताकद मुळात सारखी नसेल तर त्यांच्यातल्या कराराकडे नुसता करार म्हणून बघून चालणार नाही, आणि वाटपाचा न्याय करण्यासाठी राज्य असा व्यवहार मागे फिरवू शकतं. प्रत्येक घेणाऱ्याला कोर्टाने चोर म्हटलं नाही. घेणारा प्रामाणिक असला तरी व्यवस्था सरळ नव्हती आणि दुरुस्ती व्यवस्थेची होती.

मला यातली शहाणपणाची बाजूही दिसते आणि किंमतही. शहाणपण हे की हजारो छोट्या फसवणुकी एकेक करून सिद्ध करत बसलो असतो तर आणखी शंभर वर्षं गेली असती. किंमत ही की काही सरळ माणसंही त्याच चाळणीतून गेली. आणि चाळणीला भोकंही होती. १९५७ च्या आधी गेलेली जमीन या कायद्यात बसत नाही. शेतीऐवजी दुसऱ्या वापरात गेलेली बसत नाही. दुसऱ्या आदिवासीच्या नावावर घेऊन स्वतः कसणारा तर दप्तरात दिसतच नाही.

नंतर याच वाटेने आणखी कायदे आले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणं किंवा त्याला तिच्यावरून हुसकावणं हाच गुन्हा केला. तिथे ४२० सारखं गोड बोलून फसवल्याचं सिद्ध करावं लागत नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात सहकार खात्याचा जिल्हा निबंधक चौकशी करून अवैध सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. तो सगळ्याच कर्जदारांसाठी आहे.

मग आज तुमच्या प्रश्नाचं उत्तर काय?

इतिहास झाला, आता इनबॉक्सकडे येतो.

विसार घेऊन खरेदी देत नाही. नुसतं एवढंच असेल तर करारभंग. दिवाणी कोर्टात करारपूर्तीचा दावा लावा आणि तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. पण विसार घेतानाच त्याने ती जमीन आधी दुसऱ्याला विकलेली होती आणि लपवलं, तर ते थेट कायद्यातलं ते दुसरं उदाहरण. सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये ‘हृदय रंजन प्रसाद वर्मा’ प्रकरणात, तेही जमिनीच्याच व्यवहारातून आलेलं होतं, हेच सांगितलं: इरादा सुरुवातीपासून हवा, नुसत्या शब्द मोडण्यावरून तो गृहीत धरता येत नाही.

“माझी जमीन दुसऱ्याने विकली, मग चारसोबीस का नाही?” हा सगळ्यात जास्त राग आणणारा मुद्दा. २००९ चा ‘मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य’ हा निकाल यावर आहे. जमीन माझी, असं म्हणणाऱ्याने तक्रार केली की दुसऱ्या एकाने ती तिसऱ्याला विकली. कोर्टाने विचारलं, फसवलं कुणाला? तुम्हाला त्याने काही खोटं सांगून काही द्यायला लावलं का? नाही. फसला असेल तर विकत घेणारा, तक्रार त्याने करायची. आणि विकणाऱ्याने सही स्वतःच्याच नावाने केली असेल, तर दावा खोटा असला तरी तो बनावट दस्त होत नाही. तुमच्या नावाने तोतया उभा केला, तुमची सही ठोकली, तर गोष्ट वेगळी, तिथे बनावट दस्ताचा गुन्हा आहे. पहिल्या प्रकारात तुमचा मार्ग दिवाणी: मालकी जाहीर करून घ्या आणि ते खरेदीखत आपल्यावर बंधनकारक नाही असं ठरवून घ्या. काकांनी न विचारता विकलेल्या वडिलोपार्जित शेताचं बरंचसं असंच असतं.

“म्हणजे दिवाणी दावा असला की फौजदारी नाहीच?” तसंही नाही. २००६ च्या ‘इंडियन ऑईल विरुद्ध एनईपीसी’ निकालात कोर्टाने दोन्ही बाजू सांगितल्या. दबाव आणायला पैशाच्या भांडणाला फौजदारी रंग देणं चूक. पण एकाच घटनेतून दिवाणी आणि फौजदारी दोन्ही निघू शकतात, नुसता दावा चालू आहे म्हणून गुन्हा पुसला जात नाही. म्हणून “दिवाणी बाब आहे” हे वाक्य ऐकलं की एक शांत प्रश्न विचारा: व्यवहाराच्या दिवशीच तो खोटं बोलला होता, याचा माझ्याकडे हा कागद आहे, हा बघितलात का?

आईचं नाव सातबाऱ्यावरून गेलं. फेरफारावर हरकतीची मुदत असते, ती गेली तर अपील असतं. आणि फेरफार हा मालकीचा पुरावा नाही, महसुलाची नोंद आहे, हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितलंय. नाव गेलं म्हणजे हक्क गेला असं नाही. पण आईची खोटी सही करून हक्कसोडपत्र झालं असेल, तर तिथे गुन्हा आहे.

आणि एक खास आपल्या जिल्ह्याचं. कुणी एजंट सांगतो, “जमीन आदिवासीची आहे, पण काही होत नाही, नोटरी करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ.” थांबा. नोटरीच्या कागदाने आणि मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ निकालात स्पष्ट केलंय. वर ३६-अ आहेच. एजंटने जमीन आदिवासीची असल्याचं लपवून पैसे घेतले, तर तुम्ही फसलात आणि तक्रार करू शकता. पण सगळं माहीत असून घेतली असेल, तर कोर्टात “मला फसवलं” म्हणताना अडचण होईल. दिशाभूल झाली कुठे?

इरादा कुणालाच दिसत नाही. पण त्याच्या खुणा राहतात, फक्त त्या वेळेवर जपाव्या लागतात. व्यवहाराआधीचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, बँकेतून दिलेले पैसे, नोंदणी कार्यालयातली जुन्या दस्तांची सूची दोन, त्या दिवशीचा सातबारा. १९६० च्या त्या शेतकऱ्याकडे यातलं काही नव्हतं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये यातलं बरंच काही आहे. आणि तोंडी अट असेल तर ती त्याच दस्तात लिहून घ्या. १९२९ पासून कायदा हेच सांगतोय.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. नंदुरबारलाही हे कार्यालय आहे.

तुमच्या घरात १९५७ ते १९७४ मधलं एखादं जुनं खरेदीखत किंवा फेरफाराचा उतारा असेल, मग तुम्ही देणाऱ्याच्या घरातले असा की घेणाऱ्याच्या, तो एकदा काढून वाचा आणि आजी-आजोबांना विचारा की त्या दिवशी बोली काय झाली होती. कागदावरचं आणि त्यांच्या तोंडचं जुळतं का बघा. जुळत नसेल, तर ते सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.